खणखणीत आणि बद्द

लोणावळ्याला आमचे घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होते. स्वयंपाकघरातल्या फळीवर आजीची पितळेची भांडी ओळीने मांडलेली असत. घाट चढून आलेली मालगाडी घरामागून जाऊ लागली की त्या सगळ्या ओळीतली एकच वस्तू वाजे. दुधाच्या पातेल्यावरची झाकणी. शेजारचे तांबे, वाट्या, डबे मुकाट बसलेले आणि ही एकटी आपली किणकिण करते आहे. आजी वैतागून तिच्याखाली चिंधी सारून ठेवी. मग ती गप्प बसे.

"तीच का वाजते?" असे मी एकदा अण्णांना विचारले. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते रेल्वेत फिटर होते. म्हणाले, "मालगाडीचा आणि तिचा सूर जुळतो. बाकीच्यांचा जुळत नाही, म्हणून ती गप्प." एवढे बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी जे जाडजूड पुस्तकांतून शिकलो आणि ज्यावर जन्मभर पोट भरले, ते शास्त्र त्या दोन वाक्यांत सामावले होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला अजून आठवते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. चार वाजून गेले होते. भांड्यांच्या आवाजाने मला जाग आली. अंथरुणातूनच आजी म्हणाली, "मालगाडी आली वाटतं." अण्णा ताडकन उठून बसले. "मालगाडीला सगळी भांडी वाजत नाहीत," असे म्हणत त्यांनी आम्हा भावंडांना दंडाला धरून अंगणात काढले. खरेच, त्या पहाटे झाकणीच नव्हे, तांबे, वाट्या, डबे, खुंटीवरचा कंदील, सगळे वाजत होते. थंडीत कुडकुडत आम्ही बाहेर उभे राहिलो. दुपारपर्यंत बातमी आली की कोयनेला मोठा भूकंप झाला. कोयनानगरची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. दीडशेहून अधिक माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले.

त्या धरणाकडे मी पुढे येणार आहे. आधी अण्णांच्या हातोडीविषयी सांगितले पाहिजे.

पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्याला थांबते, कारण पुढे बोरघाटाची उतरण आहे. दर ३७ फुटांना १ फूट असा तो उतार. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून घाटात ब्रेक आणि चाके यांना फार जपावे लागते. चढणीला कर्जतहून मागे जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आमच्या लहानपणी घाटात लांब नाकाची, तपकिरी रंगाची विजेची इंजिने चालत. त्यांना सगळे 'खेकडा' म्हणत. उभी असताना ती एक विचित्र कण्हणारा आवाज काढीत. त्या जातीचे एक इंजिन आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. ते पाहायला गेलो तेव्हा मी नकळत त्याच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिलो होतो.

गाडी फलाटावर थांबली की अण्णा आणि त्यांचे सोबती खालच्या बाजूने चाकांपाशी जात. हातात लांब दांड्याची हातोडी, रात्रपाळी असली तर कंदील. प्रत्येक चाकावर एक टोला. 'ठण्ण' असा खणखणीत आवाज आला की पुढे. मध्येच एखादे चाक 'ठप्प' वाजले की अण्णा थबकत, पुन्हा ठोकत, मग वाकून पाहत. चाकाला कुठे तडा असेल किंवा काही सैल झाले असेल, तर तो आवाज बद्द येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते.

वाचकांपैकी गृहिणींना यात नवल वाटायचे कारण नाही. चैत्रात माठ घेताना त्या बोटाच्या पेराने टिचकी मारूनच घेतात. नारळ वाजवून घेतात. पूर्वी रुपया दगडावर आपटून पाहत, म्हणून तर 'खणखणीत नाणे' हा शब्द भाषेत आला. वस्तूला एक टोला द्यायचा आणि ती काय बोलते ते ऐकायचे, ही परीक्षा आपल्या घरोघरी चालत आली आहे.

यामागचे कारण सोपे आहे. जगातल्या प्रत्येक वस्तूला हलण्याचा स्वतःचा असा एक ठेका असतो. एक नव्हे, अनेक असतात, पण पहिला सगळ्यांत ठळक. तो दोन गोष्टींवर ठरतो. वस्तू किती ताठ आहे आणि किती जड आहे. तंबोऱ्याची तार पिळली की सूर चढतो, हा ताठपणाचा परिणाम. जाड तार खाली बोलते, हा वजनाचा. हिशेब असा की ताठपणा चौपट केला तर ठेका दुप्पट जलद होतो आणि वजन चौपट केले तर तो निम्म्यावर येतो. तडा गेला की वस्तूचा ताठपणा घटतो, ठेका बदलतो आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून आवाज लवकर मरतो. यालाच आपण बद्द म्हणतो.

आता बाहेरून येणारा हेलकावा या ठेक्याशी नेमका जुळला तर काय होते? झोपाळ्यावरच्या पोराला विचारा. जोराने ढकलायची गरज नसते. योग्य वेळी बोट लावले तरी झोका आढ्याला भिडतो. एस.टी. स्थानकात उभी असते, इंजिन मंद चालू असते आणि खिडकीच्या काचा अशा थडथडतात की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. चालकाने जरा वेग वाढवला की काचा गप्प. इंजिनाचा जोर वाढला, पण ठेका जुळेनासा झाला. या जुळण्याला शास्त्रात अनुनाद म्हणतात. आणि आजीची चिंधी? तीही शास्त्रात आहे. हलणाऱ्या वस्तूतली शक्ती थोडी थोडी खाऊन टाकणारी गोष्ट म्हणून तिला अवमंदन असे भारदस्त नाव आहे. मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरपासून उपग्रहाच्या पेटीतल्या रबरापर्यंत सगळी त्या चिंधीचीच भावंडे.

यंत्र किंवा विमान बांधण्याआधीच त्याचे ठेके कागदावर काढणे, ते यंत्राच्या फिरण्याशी किंवा वाऱ्याच्या माऱ्याशी जुळत नाहीत ना हे पाहणे आणि बांधल्यावर टोला मारून, मोजून खात्री करणे, हा माझा व्यवसाय झाला. यातला कागदावरचा भाग म्हणजे मॉडेल, आणि मॉडेल म्हणजे वस्तूचे गणिती सोंग. एखादा अवजड पंखा घ्या. त्याच्या जागी आपण काही वजने आणि काही स्प्रिंगा मांडतो, समीकरणे लिहितो, संगणकाला देतो. सोंग हुबेहूब असेल तर उत्तर खरे. पण सोंगात आपण काय घातले आणि काय गाळले हे संगणकाला कळत नाही. हे मी पुस्तकात वाचले होते. शिकलो मात्र १९८९ साली, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

मावळातल्या एका कारखान्यात भट्टीचा धूर ओढून घेणारा मोठा पंखा बसवायचा होता. तो मिनिटाला ९८० फेरे घेणार होता, म्हणजे सेकंदाला सोळाच्या थोडे वर. मी पुण्याला जाऊन एका संगणक केंद्रात चार रात्री बसून त्याचे मॉडेल केले. पंखा, दांडा, बेअरिंगे, लोखंडी चौकट, सगळे घातले. खालचे काँक्रीट मात्र मी पक्के धरले. पक्के म्हणजे मुळीच न हलणारे. उत्तर आले, सेकंदाला २४. सोळा आणि चोवीस यांत भरपूर अंतर. मी अहवालावर सही केली आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पंखा सुरू झाला. पहिले काही महिने ठीक गेले. पंख्यावर एक मदतनीस होते, पन्नाशीच्या घरातले, आंदर मावळातले. सगळे त्यांना मामा म्हणत. भातशेती सांभाळून ते पाळीला येत. पावसाळा संपता संपता एके दिवशी त्यांनी मला थांबवले. "साहेब, पंखा जमिनीतनं बोलतोय. पायाला मुंग्या येत्यात." मी कठड्याला हात लावून पाहिला. थरथर होती, पण धूळ ओढणाऱ्या पंख्याला थोडी असतेच. पात्यांवर काजळी बसते, ती सगळीकडे सारखी बसत नाही, तोल जरासा जातो. मी म्हटले, "मामा, कॉम्प्युटरनं सांगितलंय, काळजी नाही. रविवारी पाती साफ करून घेऊ." ते "बरं साहेब" म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितले. मी पुन्हा तेच उत्तर दिले.

त्या आठवड्यात रविवार उजाडलाच नाही. शुक्रवारी रात्रपाळीला बेअरिंगच्या टोपीचे बोल्ट तुटले. पंखा बंद करायला मामाच धावले. दांड्यावरचे पत्र्याचे झाकण उडून त्यांच्या उजव्या हातावर आले. दोन बोटे गेली.

मी रात्री घरी गेलो. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन आमच्याकडेच राहत होते. मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "पंखा उभा कशावर आहे?"

"काँक्रीटवर."

"आणि काँक्रीट?"

मला सांगता आले नाही.

चार दिवसांनी पायाच्या कडेला खणून पाहिले. एका बाजूला पक्का मुरूम होता, दुसऱ्या बाजूला भराव. पावसाच्या पाण्याने तो भराव बसला होता आणि काँक्रीट एका अंगाने पोकळ जमिनीवर टेकले होते. आम्ही लाकडी मोगरीने पायावर टोले मारले आणि मोजणीचे यंत्र लावून पाहिले. सेकंदाला २४ नव्हे, १७. पंखा सोळावर फिरत होता आणि पाया सतराला तयार बसला होता. पात्यावरच्या काजळीचे निमित्त पुरले.

इस्पितळात मामांना भेटायला गेलो तेव्हा मी त्यांना भरावाचे सांगितले. ते म्हणाले, "व्हय की साहेब. तिथं आमच्या चुलत्याचं खाचर होतं. पाणी धरायचं लई." भाताचे खाचर! कारखान्याच्या जागेची मोजणी झाली होती, नकाशे होते, माझ्याजवळ संगणकाच्या कागदांची चळत होती. त्या जागी भाताचे खाचर होते हे माहीत असलेला माणूस रोज माझ्यासमोर उभा राहत होता. त्याला मी ते विचारले नव्हते, आणि त्याने आपणहून दोनदा सांगितले तेव्हा ऐकले नव्हते.

पाया मुरमापर्यंत नेऊन नव्याने बांधला. मग मोजले तर २२ आले. तो पंखा पुढे अनेक वर्षे निमूट चालला. मामांना कारखान्याने हलके काम दिले. पुढच्या आषाढात त्यांच्या गावी गेलो होतो. लावणी चालू होती. रोपाची मूठ ते डाव्या हाताने धरायला शिकले होते. त्यांनी मला चहा पाजला. पंख्याचा विषय काढला नाही.

ही माझी एकट्याची चूक असती तर ती इथे लिहिण्याचे कारण नव्हते. पण अशीच चूक फार मोठ्या, फार हुशार माणसांच्या नजरेतून निसटलेली मी पुढे वाचली. अमेरिकेत लॉकहीड कंपनीने 'इलेक्ट्रा' नावाचे चार इंजिनांचे प्रवासी विमान काढले होते. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्ससमध्ये आणि १७ मार्च १९६० रोजी इंडियाना राज्यात अशी दोन विमाने उडता उडता मोडली. पंखच तुटून पडला. दोन्ही मिळून ९७ माणसे गेली. कंपनीने आणि सरकारी प्रयोगशाळांनी महिनोन् महिने शोध घेतला. मोठ्या वायुबोगद्यात विमानाची छोटी प्रतिकृती बसवून वारा सोडून पाहिला. निष्कर्ष असा निघाला. इंजिन ज्या बैठकीवर बसवलेले असते ती पक्की असेपर्यंत काहीच होत नाही. तिला कुठे इजा होऊन ती सैल पडली, की फिरणारा पंखा आणि इंजिन भोवऱ्यासारखे डुलू लागते. डुलण्याचा ठेका मंद होत होत विमानाच्या पंखाच्या स्वतःच्या ठेक्याशी येऊन मिळतो, आणि मग वारा दोघांना झोका देत सुटतो. विमान उत्तम होते, इंजिन उत्तम होते. त्यांना जोडणारी बैठक सैल पडली तर काय, हा प्रश्न तेवढा वेळेवर विचारला गेला नव्हता. बैठकी आणि पंख मजबूत केल्यावर तीच विमाने पुढे वर्षानुवर्षे उडाली.

म्हणून नवे विमान पहिल्यांदा उडण्याआधी त्याला जमिनीवर हलवून पाहतात. मऊ आधारांवर ते तोलून धरतात, ठिकठिकाणी सुपारीएवढी कंपनमापके चिकटवतात, छोट्या यंत्रांनी पंखाला, शेपटीला हळूहळू झोके देतात आणि प्रत्येक ठेका लिहून घेतात. मग ते आकडे मॉडेलच्या आकड्यांशी ताडतात. न जुळले तर मॉडेल दुरुस्त करतात. उपग्रहालाही अग्निबाणावर चढवण्याआधी थरथरत्या मंचावर असाच हलवतात, कारण उड्डाणाची ती काही मिनिटे त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत हादऱ्याची असतात. ११ एप्रिल १९७० रोजी 'अपोलो १३' चंद्राकडे निघाले, तेव्हा अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्याचे मधले इंजिन अशाच थरथरीमुळे सुमारे दोन मिनिटे आधी बंद पडले होते. त्या यानावर पुढे जे संकट आले ते वेगळे, पण पहिला हादरा हा होता.

आता कोयनेकडे वळतो. विमानाचा पंख कितपत वाकेल आणि कसा हलेल याचा हिशेब करण्यासाठी बोइंग कंपनीत काम करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. पंखाचे मनाने लहान लहान तुकडे करायचे. एकेका तुकड्याचे वागणे सोपे असते. मग शेजारच्या तुकड्यांशी त्याची कडा जुळवत जुळवत सगळा पंख गणितात पुन्हा उभा करायचा. गोधडीसारखेच म्हणा. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा त्यावरचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. क्लफ हे कॅलिफोर्नियात बर्कलेला प्राध्यापक होते. १९६० साली त्यांनीच या युक्तीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. आज मोटारीपासून कृत्रिम गुडघ्यापर्यंत सगळे याच रीतीने तपासले जाते.

कोयनेच्या भूकंपाच्या वेळी धरणाच्या आतल्या बोळात भूकंपाचे हेलकावे टिपणारे यंत्र चालू होते. भूकंपाने तडकलेले काँक्रीटचे मोठे धरण आणि त्याच जागी नोंदलेला भूकंप, अशी जोडी तेव्हा जगात दुर्मिळ होती. बर्कलेचे अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी विमानाच्या पंखासाठी निघालेली ती रीत या धरणाला लावली. त्यांचा निबंध १९७३ साली आला. १०३ मीटर उंचीचे ते धरण सेकंदाला सुमारे तीनदा डुलते. मागे साठलेले पाणीही त्याच्याबरोबर डुलते, ते वजन हिशेबात धरावे लागते. धरणाची मागची बाजू वर जवळजवळ उभी आहे आणि माथ्याखाली सुमारे ३६ मीटरवर एकदम पसरट होते. हिशेबात सगळ्यांत जास्त ताण त्याच मानेशी आला, आणि प्रत्यक्षात तडे तिथेच गेले होते. भूकंपानंतर धरणाला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. आजही जगभर नवी संगणक प्रणाली तयार झाली की ती पारखायला कोयनेचे उदाहरण घालून पाहतात. ज्या पहाटे आजीची भांडी वाजली, त्या पहाटेचा हिशेब परदेशातली मुले शिकतात याचे मला अजून अप्रूप वाटते.

आमच्या लोणावळ्यातच नौदलाची आय.एन.एस. शिवाजी ही संस्था आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ती सुरू झाली आणि जहाजाची यंत्रे सांभाळणारे अभियंते, तंत्रज्ञ तिथे तयार होतात. पांढऱ्या गणवेशातली पोरे बाजारात दिसली की मला अण्णांची आठवण येते. जहाजाच्या इंजिनाजवळ कान लावणे ही याच विद्येची पुढची पायरी. कंपनमापक बेअरिंगवर टेकवले की नुसती गर्दी येते, शंभर माणसे एकदम बोलावीत तशी. त्या गर्दीतून एकेक सूर वेगळा काढण्याचे गणित फूरिये या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिले आणि ते झटपट करण्याची रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ साली सांगितली. आज ते काम खिशातले यंत्र क्षणात करते. दांडा तिरका बसला असेल तर एक सूर, तोल गेला असेल तर दुसरा, बेअरिंगच्या गोळीला खड्डा पडला असेल तर तिसरा. रेल्वेतही आता रुळांना मापके लावलेली असतात. गाडी धावत गेली की कोणते चाक ठोकर देते आहे ते यंत्रच कळवते. अण्णांची हातोडी माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

खंडाळ्याच्या डोंगरात द्रुतगती मार्गाच्या 'मिसिंग लिंक'साठी तारांनी तोललेला पूल उभा राहिला आहे. दरीच्या तळापासून शंभर मीटरहून अधिक उंचावर. मोसमात तिथला वारा कसा असतो ते आम्हा लोणावळेकरांना माहीत आहे, छत्री उलटी होते एवढेच नव्हे, हातातून जाते. अशा पुलांच्या प्रतिकृती वायुबोगद्यात का तपासतात याचे कारण ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेत टॅकोमाच्या खाडीवर घडले. चारच महिने वयाचा झुलता पूल ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटत गेला आणि तुटला. तो वारा काही वादळ नव्हता. पुलाच्या स्वतःच्या पिळण्यानेच वाऱ्यातून शक्ती खेचून घेतली. इलेक्ट्राच्या पंखाचे दुखणे आणि हे दुखणे एकाच घराण्यातले. तेव्हापासून पूल बांधणारा विमानवाल्यांकडून शिकतो.

पण मावळात गेल्या काही वर्षांत माझ्या मनाला लागला तो पूल हा नव्हे. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवर एक जुना, अरुंद लोखंडी पूल होता. १५ जून २०२५, रविवार. पाऊस सुरू झालेला, नदी भरलेली, फिरायला आलेल्यांची गर्दी. पूल माणसांसकट नदीत कोसळला. चार जीव गेले, कित्येक जखमी झाले. त्याला कोणी अनुनादाचे मोठे नाव देऊ नये. जुने लोखंड आणि त्यावर न पेलणारी गर्दी, एवढे पुरेसे होते. तो पूल धोक्याचा आहे हे आधीच माहीत होते, तसे फलकही होते. बद्द आवाज आला होता. तो ऐकून पाऊल मागे घेणे मात्र राहून गेले.

त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून मला मामांचे "बरं साहेब" आठवले. हातोडी, मापके, संगणक, सगळे आपल्याला आवाज आणून देतात. पुढचे काम माणसाचे. अजूनही एखादा तरुण अभियंता मॉडेल दाखवायला आला की मी दोनच प्रश्न विचारतो. हे उभे कशावर आहे? आणि तिथे पूर्वी काय होते, हे तिथल्या कुणा जुन्या माणसाला विचारलेस का? पहिल्याचे उत्तर बहुधा तयार असते. दुसऱ्याला मुले हसतात, मग गप्प होतात, आणि काही जण खरेच जाऊन विचारून येतात.

यंदाच्या चैत्रात आमची नात सुट्टीला आली होती. तिला घेऊन बाजारात माठ आणायला गेलो. कुंभारीणबाईंनी तीन माठ पुढे ठेवले. नातीने एकेकाला टिचकी मारली, कान लावला आणि मधला माठ बाजूला सारला. "आजोबा, हा बद्द वाजतो." बाईंनी तो उचलून उन्हाकडे धरला. आतून केसासारखी बारीक चीर होती. त्या म्हणाल्या, "पोरीचा कान चांगला हाय." आणि तो माठ त्यांनी विकायच्या रांगेतून काढून मागे ठेवला.